रस्ते भरपूर, गाड्या गायब: फ्रान्सच्या लॉत खोऱ्यातलं सायकलचं गणित

जुलै लागला की आमच्या घरी दुपारी टीव्हीवर टूर दी फ्रान्स सुरू होते. आईला सायकल शर्यतीत काडीचा रस नाही. ती समोर बसून भाजी निवडते आणि हेलिकॉप्टरमधून दिसणारी शेतं, किल्ले, नदीची वळणं बघते. २०२२ साली शर्यतीचा एकोणिसावा टप्पा काओर शहरात संपला आणि विसावा रोकामादूरला. दोन्ही गावं लॉत नावाच्या एकाच जिल्ह्यातली. कॅमेरा वर गेला की टेकड्यांतून, द्राक्षबागांतून, नदीच्या कडेनं रस्तेच रस्ते दिसायचे. सगळे डांबरी, सगळे मोकळे. गवारीचं टोक मोडता मोडता आईनं विचारलं, "अरे, शर्यतीचा रस्ता बंद ठेवलाय ते कळलं. पण हे आजूबाजूचे? एवढे रस्ते बांधले आणि माणसं गेली कुठं?"

मी "तिकडे शिस्त असते गं" असं काहीतरी पुटपुटलो. उत्तर साफ चुकलं होतं. पुढं एका सप्टेंबरात त्याच खोऱ्यात आठवडाभर सायकल चालवली, तेव्हा लक्षात आलं की आईचा प्रश्नच बरोबर होता. तिथल्या शांततेचा शिस्तीशी फारसा संबंध नाही. ते रस्ते जवळपास पावणेदोनपट माणसांसाठी बांधलेले आहेत, आणि ती माणसं खरोखरच निघून गेलेली आहेत.

आधी रस्त्यांची उतरंड

लॉत ही दक्षिण-पश्चिम फ्रान्समधली सुमारे ४८० किलोमीटर लांबीची नदी. लोझेर डोंगरात उगम पावते, पश्चिमेला वाहत अगीयों गावाजवळ गारोन नदीला मिळते. तिच्यावरून जिल्ह्याचं नाव पडलं. (फ्रेंच लोक शब्दाच्या शेवटचा 'त' सहसा गिळतात. इथं मात्र तो स्वच्छ म्हणतात. मी आधी 'लो, लो' करत फिरलो आणि हसू करून घेतलं.)

फ्रान्समधले रस्ते चार पायऱ्यांचे. सगळ्यात वर 'ए', म्हणजे द्रुतगती महामार्ग. तिथं सायकलला मज्जाव. मग 'एन', राष्ट्रीय महामार्ग. मग 'डी', म्हणजे जिल्ह्यानं सांभाळायचे रस्ते. आणि तळाला ग्रामपंचायतीचे रस्ते. तिथल्या ग्रामपंचायतीला कोम्यून म्हणतात आणि अख्ख्या देशात त्या सुमारे ३५,००० आहेत. निम्म्याहून जास्त कोम्यूनमध्ये पाचशे माणसंसुद्धा राहत नाहीत. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर 'डी' म्हणजे जिल्हा मार्ग, त्याखाली ग्रामीण मार्ग, आणि त्याच्याही खाली शेतात जाणारी पाणंद.

आता लांबी बघा. द्रुतगती महामार्ग सुमारे १२,००० किलोमीटर. 'डी' रस्ते ३,८०,००० किलोमीटरच्या आसपास. ग्रामपंचायतींचे जवळपास ७,००,०००. म्हणजे एकूण अकरा लाख किलोमीटरच्या जाळ्यात मोठे रस्ते नावापुरते, आणि लांब पल्ल्याची बहुतेक वाहतूक मात्र त्या नावापुरत्यांवरूनच धावते. नळाचं पाणी दोन जाड पाइपांतून वाहतंय आणि बाकी घरभर कोरड्या नळ्या पसरल्यात, असं ते चित्र आहे. सायकलवाल्याला हव्यात त्या कोरड्या नळ्या.

लॉत जिल्ह्यात हे ठळक दिसतं. पॅरिसहून दक्षिणेला जाणारा जुना 'एन-२०' काओरमधून जायचा. त्याला समांतर 'ए-२०' हा द्रुतगती मार्ग २००३ मध्ये पुरा झाला आणि लांबच्या गाड्या तिकडे वळल्या. त्यानंतर सरकारनं देशभरातले सुमारे १८,००० किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यांकडे सोपवले, त्यात 'एन-२०'चा हा तुकडा जाऊन 'डी-८२०' झाला. नावातलं अक्षर बदललं म्हणून तो काही शांत झाला नाही. 'डी' दिसला की रस्ता निवांत, असं धरून चालणाऱ्या नवख्याला हा पहिला झटका. आकडा जितका मोठा तितका रस्ता छोटा, हा आडाखाही जिल्ह्याची हद्द ओलांडली की कोसळतो, कारण क्रमांक प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे असतात.

रस्त्याच्या कडेचे मैलाचे दगड मात्र फसवत नाहीत. पांढरा दगड, डोक्यावर पिवळी टोपी, म्हणजे 'डी' रस्ता. तांबडी टोपी म्हणजे राष्ट्रीय. सेले नदीच्या खोऱ्यात डी-४१ वर अशा पिवळ्या टोप्या एकामागून एक येत राहतात, बऱ्याचशा शेवाळलेल्या, एखादी गवतात बुडालेली.

रहदारी 'कमी' म्हणजे नेमकी किती?

रस्त्यावरची गर्दी मोजायचं एक माप आहे: सरासरी दैनिक वाहतूक. वर्षभरात जितकी वाहनं गेली त्यांना ३६५ नं भागायचं. बस, एवढीच व्याख्या. पुढं मी नुसतं 'दिवसाला इतक्या गाड्या' म्हणेन.

समजा एका रस्त्यावर दिवसाला ३०० गाड्या आहेत, दोन्ही दिशांच्या मिळून. रात्रीच्या सोडून द्या, पंधरा तासांत सगळ्या गेल्या असं धरा. तासाला २०, एका दिशेला १०. तुम्ही ताशी १८ नं सायकल मारताय आणि गाड्या ताशी ७२ नं येतायत. तुम्ही कडेला उभे असता तर तासाभरात मागून दहा गाड्या गेल्या असत्या. पण तुम्हीही पुढं सरकताय, त्यामुळं काही गाड्या तासाभरात तुम्हाला गाठतच नाहीत. हिशेब केला तर गाठणाऱ्या निघतात सात-आठ. म्हणजे आठ मिनिटांत एक. समोरून येणाऱ्या बारा-तेरा, पण त्या आपल्या बाजूनं जातात, त्यांचा त्रास नाही.

आता तोच रस्ता, तीच साइडपट्टी, पण दिवसाला ३,००० गाड्या. मागून येणाऱ्या झाल्या तासाला ७५. जवळपास दर पाऊण मिनिटाला एक. दहापट गाड्या म्हणजे दहापट वैताग, असं वाटेल. तसं होत नाही. खरा धोका मागून गाडी येण्यात नसतो, तर ती नेमकी तुमच्या शेजारी आलेली असताना समोरूनही एक येण्यात असतो. चाळीच्या जिन्याचं उदाहरण घ्या. तुम्ही गुडघे धरत हळूहळू चढताय, मागून शेजारचा पोरगा दोन-दोन पायऱ्या टाकत आला, काही बिघडत नाही, तो बाजूनं निघून जातो. पण त्याच क्षणी वरून कुणी बादली घेऊन उतरत असेल तर तिघांचीही पंचाईत. मागून येणारी पोरं दहापट झाली आणि वरून उतरणाऱ्या बादल्याही दहापट झाल्या, तर अशी पंचाईत शंभरपट वाढते.

३०० गाड्यांच्या रस्त्यावर चालकाला सहसा पलीकडची अख्खी मार्गिका मोकळी मिळते. तो लांबूनच गाडी बाहेर काढतो आणि मोठा वळसा घालून जातो. ३,००० गाड्यांच्या रस्त्यावर तोच भला माणूस समोरच्या गाडीमुळं तुमच्या हँडलला चाटून जातो. सगळा फरक त्याच्या समोरच्या रिकाम्या जागेचा.

मग माणसं गेली कुठं?

१८३६ साली, राजा लुई-फिलिपच्या काळात, फ्रान्सनं एक कायदा केला. २१ मे ही तारीख. गावं जोडणाऱ्या रस्त्यांची देखभाल करणं प्रत्येक कोम्यूनवर बंधनकारक झालं. पैसे नसतील तर? गावातल्या धडधाकट पुरुषांनी वर्षाला तीन दिवसांपर्यंत अंगमेहनत द्यायची, बैलगाडी-घोडागाडी असेल तर तीही आणायची, नाहीतर तितके पैसे भरायचे. सक्तीचं श्रमदानच म्हणा. पुढच्या पन्नास वर्षांत वाडी-वस्तीपर्यंत रस्त्यांचं बारीक जाळं विणलं गेलं. फ्रान्समधला ग्रामीण भाग तेव्हा माणसांनी गच्च भरलेला होता. लॉत जिल्ह्यात १८५१ च्या जनगणनेत सुमारे २,९६,००० माणसं होती.

आज आहेत सुमारे पावणेदोन लाख.

जिल्ह्याचं क्षेत्रफळ आहे ५,२१७ चौरस किलोमीटर. आपला सिंधुदुर्ग ५,२०७. जवळपास मापात माप. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात साडेआठ लाख लोक होते, आणि सिंधुदुर्गाला आपण कमी वस्तीचा जिल्हा म्हणतो! देवगड ते दोडामार्ग एवढ्या जागेत पाचातले चार जण नाहीत, अशी कल्पना करा. सगळे रस्ते मात्र जागच्या जागी, डांबरी.

जाण्याची कारणं एकात एक गुंतलेली होती. काओरची दारू इतकी गडद की तिला 'काळी वाइन' म्हणत. १८७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून आलेली फिलॉक्सेरा नावाची मव्यासारखी कीड द्राक्षवेलींच्या मुळांना लागली आणि बागाच्या बागा वाळल्या. (शेवटी उपाय सापडला तो अमेरिकन जंगली वेलीच्या खुंटावर कलम करण्याचा. आपला नाशिक-सांगलीचा बागायतदार क्षारपड जमीन आणि कमी पाण्यासाठी डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो, ते तंत्र याच घराण्यातलं.) सावरेपर्यंत लोक रेल्वेनं पॅरिसला, बोर्दोला पोचले होते. मग पहिलं महायुद्ध. फ्रान्सचे तेरा-चौदा लाख सैनिक मारले गेले, त्यांत शेतकऱ्यांची पोरं फार.

सेलेच्या काठावर एका गावात पाणी प्यायला थांबलो होतो. तिथल्या प्रत्येक गावात असतो तसा युद्धस्मारकाचा खांब होता. १९१४-१८ च्या रकान्यात चोवीस नावं मोजली, त्यात एकाच आडनावाचे तिघे. मग मान वळवून गावातली उघड्या खिडक्यांची घरं मोजली. नऊ भरली. बाकी घरांच्या लाकडी झडपा बंद. त्यातली काही ऑगस्टमध्ये उघडतात, जेव्हा पॅरिसकर, डच आणि इंग्रज सुट्टीला येतात. कोकणातलं गणपतीपुरतं उघडणारं घर आठवलं, पण तिथं निदान पावसाळ्याआधी कौलं चाळायला कुणीतरी येतं.

नदीला दोन काठ असतात

इतिहासानं जादा रस्ते दिले, ते कुठं सापडतील हे भूगोल सांगतो. नदीच्या खोऱ्यात मोठा रस्ता आणि रेल्वे सहसा एकच काठ धरतात, जो रुंद आणि सोपा असेल तो. दुसऱ्या काठावर उरतो तो गावाला गाव जोडणारा चिंचोळा रस्ता. म्हणून खोऱ्यात सायकल चालवायची तर पहिला प्रश्न एकच: मोठा रस्ता कुठल्या काठानं गेलाय? उत्तर मिळालं की पूल ओलांडायचा.

काओरच्या पूर्वेला डी-६६२ हा मुख्य रस्ता लॉतच्या उत्तर काठानं जातो. बूझिएस गावाचा अरुंद पूल ओलांडून दक्षिण काठावर आलात की डी-४० तुम्हाला सँ-सिर्क-लापोपीला चढवतो. नदीपासून शंभरेक मीटर वर कड्याला चिकटलेलं हे गाव. कवी आंद्रे ब्रेताँ १९५१ पासून उन्हाळे इथं काढायचा. गाव फार गाजलेलं, त्यामुळं ऑगस्टमध्ये हा छोटा रस्ताही गाड्यांनी तुंबतो. शांत काठ शोधला तरी पोस्टकार्डावरच्या गावाचे चार किलोमीटर सोडून द्यायचे, हा अपवाद लक्षात ठेवा.

दुसरी खूण वळणांची. लॉत ही सापासारखी नदी. काओर शहर स्वतःच एका वळणाच्या कुशीत बसलंय, तीन बाजूंनी पाणी. पश्चिमेला लुझेशला तर दोन पाण्यांमधली चिंचोळी मान इतकी अरुंद की एकोणिसाव्या शतकात नौकांचा फेरा वाचवायला तिथून कालवा खोदला. नंतर तो बुजवला आणि आज तिथं गावातला चौक आहे. गाडीवाला घाईत असतो, तो अशी मान कापून सरळ जातो. वळणाच्या कडेनं जाणारा रस्ता उरतो फक्त तिथं राहणाऱ्यांसाठी. आडवळण हा शब्द आपण नाराजीनं वापरतो, सायकलवाल्यानं तो शोधत फिरावा.

तिसरी खूण चढाची. खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना चुनखडीचं पठार आहे, नदीपासून दीड-दोनशे मीटर उंच. त्याला तिथं 'कोस' म्हणतात. आपल्या कोसाशी नातं नाही, पण वर चढताना दमछाक होते तेव्हा नातं असावंसं वाटतं. वर खुरटे ओक, दगडी कुंपणं, मेंढ्या, आणि पाणी नाही, कारण चुनखडीतून पाऊस खाली झिरपून जातो. खालून कोसावर जाणारे रस्ते वळणावळणाचे आणि बहुधा रिकामे. ट्रक ते टाळतात. तुमच्या मांड्यांनाही ते टाळावेसे वाटतील. सपाट, जवळचा आणि निवांत असा रस्ता कुणालाच मिळत नाही. तिन्हीतलं एक सोडावं लागतं, आणि बहुतेकदा 'सपाट' सोडावं लागतं.

नकाशात हे कसं दिसतं?

मिशलँ या टायर कंपनीचा कागदी नकाशा घ्या. त्यात मोठे रस्ते तांबडे, मधले पिवळे, आणि बारीक ते पांढरे. पांढरे धरायचे. ज्या रस्त्याच्या कडेनं हिरवी रेघ असते तो देखणा, पण देखणा आणि शांत या दोन वेगळ्या गोष्टी. पिवळा आणि हिरवा एकत्र दिसला की मे-जूनमध्ये जा, ऑगस्टमध्ये नको.

मोबाइलवरची ॲप्स सोयीची, पण ती 'सायकलचा रस्ता' म्हणून कधीकधी पाणंदीत घालतात. चार किलोमीटर दगडांतून सायकल ढकलल्यावर कागदाची किंमत कळते. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही १,२०० किलोमीटरची, ९० तासांत पुरी करायची फेरी मारून आलेले रँडोनिअर पुण्या-मुंबईत आणि नाशकात आता पुष्कळ आहेत. तो मार्ग फ्रान्सच्या पश्चिम टोकाकडचा, लॉतपासून लांब. पण त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, रात्री दोन वाजता पांढऱ्या रस्त्यावरून एकट्यानं जाण्यात काय असतं.

'पण मोकळ्या रस्त्यावर गाड्या सुसाट येतात, त्याचं काय?'

ही शंका योग्य आहे. फ्रान्समध्ये रस्त्यांवरच्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा शहराबाहेरच्या साध्या दुपदरी रस्त्यांचाच असतो, आणि सायकलस्वारांचेही निम्म्याहून अधिक मृत्यू वस्तीबाहेरच होतात. शांत म्हणजे सुरक्षितच, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. गाडी आठ मिनिटांनी एकच येते, पण ती वेगात येते आणि चालकालाही रस्त्यावर कुणी असेल असं वाटत नसतं.

कायद्यानं यात थोडी मदत केली आहे. जुलै २०१८ पासून दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांची मर्यादा ताशी ९० वरून ८० केली. त्यावर बरीच बोंबाबोंब झाली आणि नंतर जिल्ह्यांना ती पुन्हा ९० करायची मुभा मिळाली. काहींनी केलीसुद्धा. सायकलला ओलांडताना वस्तीबाहेर दीड मीटर आणि वस्तीत एक मीटर अंतर ठेवणं सक्तीचं आहे. आणि २०१५ पासून एक शहाणपणाची सवलत आली: समोर नीट दिसत असेल तर सायकलला ओलांडण्यासाठी गाडीची एका बाजूची चाकं मधल्या अखंड रेघेपलीकडे गेली तरी चालतं. आधी रेघ पाळायची म्हणून चालक सायकलला खेटून जायचे.

सायकलवाल्यावरही बंधनं आहेत. दोघं जोडीनं चालवू शकतात, पण मागून गाडी आली की एकामागे एक व्हायचं. वस्तीबाहेर रात्री किंवा धुक्यात चकाकणारं जाकीट हवंच. कानात इअरफोन चालत नाहीत, आणि आठ मिनिटांत एक गाडी येणाऱ्या रस्त्यावर कान हाच तुमचा आरसा असतो.

परक्याला सगळ्यात जास्त गोंधळवतो तो उजव्याच्या अग्रक्रमाचा नियम. जिथं पाटी नाही तिथं उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुम्ही रुंद रस्त्यावर असा आणि तो चिंचोळ्या डांबरी गाववाटेवरून ट्रॅक्टर घेऊन येत असो, मान त्याचा. तिरक्या पिवळ्या चौकोनाची पाटी असेल तर अग्रक्रम तुमचा.

आणि डाव्या बाजूनं गाडी चालवायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना रिकामा रस्ता एक खास दगा देतो. शहरात बाकीच्या गाड्या बघून आपण आपोआप उजवीकडे राहतो. इथं बघायला कुणी नसतं. कोसावरच्या एका वाडीत पाणी भरून निघालो, उतार लागला, वारा छान होता, आणि मी दोन किलोमीटर मजेत डावीकडून चाललो होतो. वळणावर टपालाची पिवळी व्हॅन समोर उभी. चालक बाईंनी ब्रेक आधीच दाबला होता. काच खाली करून त्या अजिबात न चिडता म्हणाल्या, "आ द्रुआत, मस्यू." उजवीकडून, महाशय. मी "पार्दों, पार्दों" करत पलीकडे गेलो. त्या दिवशी संध्याकाळी हँडलच्या उजव्या टोकाला लाल चिकटपट्टी लावली, ती अजून काढलेली नाही.

'एवढं सगळं करण्यापेक्षा वेगळा सायकल ट्रॅकच का बांधत नाहीत?'

काही ठिकाणी बांधलेत. गाड्यांना पूर्ण बंदी असलेला मार्ग म्हणजे 'हरित वाट'. ती बहुधा जुन्या रेल्वेमार्गावर किंवा कालव्याच्या काठी असते. सायकलसाठी पाट्या लावलेला लांब पल्ल्याचा मार्ग म्हणजे 'वेलोरूत'. त्यात हरित वाटेचे तुकडे असतात आणि त्यांना जोडणारे साधे शांत रस्ते. लॉतच्या काठानं अगीयों ते काओर असा सुमारे १६० किलोमीटरचा वेलोरूत आहे, त्यातला बराच भाग असाच गाववाटांचा. लोकांना पाटी दिसली की ट्रॅक असेल असं वाटतं आणि ट्रॅक्टर समोर आला की फसवल्यासारखं वाटतं.

माझं मत विचाराल तर या खोऱ्यात नवा ट्रॅक बांधणं म्हणजे विहिरीकाठी टँकर मागवणं. डांबरी रस्ता आहे, त्यावर गाड्या नाहीत. पाट्या लावल्या आणि गाड्यांचा वेग आवरला की झालं. लहान पोरं बरोबर असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा हरित वाटच बरी.

शांततेची किंमत पोटाला कळते

गाड्या नाहीत कारण माणसं नाहीत. माणसं नाहीत म्हणून दुकान नाही. हे इतकं सरळ आहे, तरी पहिल्या दिवशी मी दुपारी एक वाजता एका गावात पावाच्या दुकानापुढं सायकल लावली आणि दाराला कुलूप. छोट्या गावांत साडेबारा वाजले की तीन-साडेतीनपर्यंत सगळं बंद. रविवारी दुपारी बंद, सोमवारी बऱ्याचदा दिवसभर बंद. खूप गावांत मुळात दुकानच नाही. म्हणून सकाळी जिथं पाव मिळेल तिथंच दुपारचाही घ्यायचा, आणि चीजचा एक तुकडा खिशात.

पाण्यासाठी एक युक्ती तिथल्या जुन्या सायकलवाल्यांना ठाऊक असते: गावाची दफनभूमी शोधायची. कबरींवरच्या फुलांसाठी तिथं नळ असतोच, आणि दफनभूमी नसलेलं गाव नसतं. नळावर 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी आहे का, ते मात्र वाचायचं. पहिल्या वेळी फाटक उघडताना अवघडल्यासारखं झालं. आत एक आजी झारीनं शेवंतीला पाणी घालत होत्या. मी बाटली दाखवली, त्यांनी झारी बाजूला केली आणि नळ स्वतः सोडला.

शिकारीचा हंगामही लक्षात ठेवा. सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर, विशेषतः रविवारी सकाळी, रस्त्याच्या कडेला 'शिकार चालू आहे' अशा पाट्या लागतात. भडक रंगाचा शर्ट घाला आणि झाडीत शिरू नका.

'आणि हे सगळं सांभाळतो कोण?'

दोन-अडीचशे माणसांच्या कोम्यूनकडे वीस-तीस किलोमीटर रस्ता असू शकतो. त्यांच्या करातून दरवर्षी नवा डांबराचा थर घालणं परवडणार नाही. म्हणून स्वस्तातला उपाय करतात, आपल्या बांधकाम खात्यात ज्याला सरफेस ड्रेसिंग म्हणतात तो. जुन्या रस्त्यावर गरम डांबर फवारायचं, वर बारीक खडी पसरायची, एकदा रोलर फिरवायचा, आणि बाकी दाबण्याचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोपवायचं. इथंच मेख आहे. गाड्याच कमी असल्यामुळं खडी आठवडेच्या आठवडे सुटी राहते. 'ग्राव्हियों', म्हणजे बारीक खडी, अशी पाटी दिसली की वेग कमी करा, वळणावर पुढचा ब्रेक विसरा. माझ्या डाव्या कोपरावर त्या पाटीची आठवण आहे.

खड्डे मात्र फारसे दिसत नाहीत. जड ट्रक नाहीत, त्यामुळं रस्ता झिजतो तो मुख्यतः पाण्यानं आणि बर्फानं. म्हणून सगळा जीव कडेच्या गटारात आणि गवतात. गवत वाढलं की पाणी रस्त्यावर थांबतं, थंडीत गोठतं आणि डांबर फोडतं.

शेवटच्या दिवशी सेलेकाठच्या मार्सियाक गावाच्या पुढं डी-४१ वर तासाभरात मागून एकही वाहन आलं नाही. समोरून मात्र एक ट्रॅक्टर आला, बाजूला लांब लोखंडी हात लावलेला, हाताच्या टोकाला गवत कापायचं यंत्र. खडे उडू नयेत म्हणून मला बघून त्यानं पातं थांबवलं, हात वर उचलून धरला. केबिनमधला माणूस साठीचा असेल. मी हात केला, त्यानं दोन बोटं टोपीला लावली. मी पुढं गेल्यावर पातं पुन्हा फिरायला लागल्याचा आवाज आला आणि ओल्या गवताचा वास पुढच्या पिवळ्या टोपीच्या दगडापर्यंत सोबत राहिला.

त्या रात्री फोनवर आईला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि तो टोपीवाला रिटायर झाला की रे?"